मास्तरांच्या कोकोच्या पुड्या

भांडं रिकामं परत करू नये, हे आम्हा बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी धुऊन, चिमूटभर साखर तरी घालून परत करायची, झालं. पण चिखलीला आमच्या गल्लीत राहणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांनी या साध्या रीतीचं पार वेड करून घेतलं होतं. मी वाटीत कढीपत्ता घालून पाठवला तर वाटी परत येताना तिच्यात टोक केलेली पेन्सिल. ताकाच्या तांब्यात चार चिंचा. एकदा ह्यांनी त्यांना छत्री दिली, तर दुसऱ्या दिवशी ती उघडल्याबरोबर ह्यांच्या डोक्यावर टणकन पेरू पडला. आणि बादली? अहो, मागून नेलेली बादली हा माणूस काठोकाठ भरून, धोतर ओलं करत, गल्लीभर डुचमळत आणून द्यायचा. "बादली म्हंजे भांडंच हाय ना, वैनी?" असं वर मलाच विचारायचा.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हे तहसील कचेरीत कारकून. नागपूरहून वरचा कागद आला की दोन दोन दिवस घरात कोणाशी बोलायचे नाहीत. मी साखरखेर्ड्याची, लग्न होऊन चिखलीत आलेली, आणि तोंडानं फटकळ. गल्लीत माझं कोणाशी फारसं जमलं नाही, पण समोरच्या खोलीतल्या मास्तरांशी पहिल्या महिन्यातच जमलं. ते अमडापूरचे. गावी भावांची शेती, माणसांनी भरलेलं घर. मास्तर मात्र इथं एकटे. एक खोली, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेला एक फळा.

लग्न का केलं नाही, असं मी एकदा सरळच विचारलं. म्हणाले, "पोरगी पाहाले गेलो होतो, वैनी. तिनं चहा आनला. आता मले चहा पिववत नाई. कोनाचं लक्ष नाई पाहून खिडकीतून ओतून देला. मंग कप राह्यला रिकामा! रिकामा कसा परत करू? खिशातली पेन्सिल त्यात ठेवली अन् उठलो. तिच्या बापानं पुन्हा निरोप नाई धाडला."

मी हसून हसून पोट धरलं. ते मात्र गंभीरच होते. पेन्सिल नवी होती, म्हणाले.

शाळेत पोरं त्यांना वांगे मास्तर म्हणायची, कारण ते वर्षभर वांगंच काढायला लावायचे. आधी देठ, मग गोलाई, मग त्यावरची चमक. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, दुसरं काही शिकवत नाही का? मास्तर म्हणाले, "साहेब, वांग्यावरची चमक ज्याले काढता आली, त्याले दुनिया काढता येते." साहेबांनी काय शेरा मारला देव जाणे. पण एक मात्र खरं, दर साली वांगं बदलायचं. एका साली काटेरी, एका साली लांबट, एका साली एकाच देठाला दोन. त्या साली सगळ्या शाळेनं तेच काढायचं.

अशा माणसाला दिवाळी म्हणजे संकटच की! एकटा पुरुष म्हणून गल्लीतल्या घराघरातून फराळाचा डबा त्यांच्याकडे जायचा. डबा परत करायचा तर त्यात काय घालायचं? एरवी लिंबू, मिरची, पेन्सिल काहीही चालायचं. पण त्यांचं म्हणणं असं, की दिवाळीच्या डब्यात दिवाळीचंच गेलं पाहिजे. एकदा स्वतः चकल्या करायला बसले, तर खोलीतून इतका धूर निघाला की लोक बादल्या घेऊन धावले. त्यानंतर त्यांना त्यांची मुंबईची घरमालकीण आठवली.

ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी ते काही दिवस मुंबईला एका ख्रिस्ती म्हातारीच्या घरी राहिले होते. म्हातारीचं बेताचंच. नाताळात साऱ्या भाडेकऱ्यांना गोडधोड कुठून देणार? ती कोकोचा एकच डबा आणायची, त्यात साखर दळून मिसळायची आणि प्रत्येकाच्या दाराशी एकेक पुडी ठेवून यायची. गरम दुधात घालून प्यायची. हे सांगताना मास्तरांचा आवाज नेहमी जरा खाली यायचा. "एका डब्यात अख्खा मजला खूश, वैनी. तोवर मुंबईत मले कोनं काही देल्लं नव्हतं. म्या त पुडी तशीच उशाशी घेऊन झोपलो."

झालं! तेव्हापासून दसरा झाला की मास्तर खामगावला जाऊन कोकोचा डबा आणायचे आणि माझं जातं मागायचे. पुरुष माणूस ओसरीवर जात्याशी बसलेला पाहून बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. हसेनात का! ते नाकातोंडाला उपरणं बांधून साखर दळायचे. शिंक आली तर उठून गल्लीच्या टोकाशी जाऊन शिंकून यायचे. मग सुंठ, जायफळ, मिठाचा कण आणि कोको असं सगळं मलमलच्या फडक्यातून गाळायचे. संध्याकाळपर्यंत भुवयांपासून धोतरापर्यंत सगळा माणूस तपकिरी. पुड्या बांधायच्या त्या साली पोरांनी काढलेल्या चित्रांच्या कागदांत, म्हणजे प्रत्येक पुडीवर एक वांगं. आणि प्रत्येक घरी डबा परत देताना एकच पाठ: "आधी चमचाभर दुधात घोटा, मंग बाकीचं ओता. घाई केली का गोळे. कोको हा घाईच्या मानसाचा नाई." जातं परत यायचं तेव्हा त्याच्या तोंडातही एक पुडी खोचलेली असायची.

गल्लीनं या पुड्यांचं काय केलं, ते मला फार पुढे कळलं. कोको हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. रंग बघून कोणी म्हणे तपकीर आहे, कोणी म्हणे सायबाचं जुलाबाचं औषध. वकीलीणबाई आमच्या गल्लीतल्या सगळ्यात सोवळ्या. त्यात अंडं असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पण दिवाळीची वस्तू टाकायची कशी, म्हणून पुडी देवघराच्या फळीवर ठेवून दिली. आणि सोनारीण आजीनं तर कमालच केली. आजीला मिसरीची सवय, भाजलेल्या तंबाखूची पूड रोज सकाळी दातांना लावायची. पुडी उघडली, तपकिरी पूड दिसली, आजी म्हणाली मास्तरनं मिसरी धाडली. बसली उंबऱ्यात बोटानं घासत! "अव माय, मास्तरची मिसरी गोड हाय बाई. झिंग नाई येत, पन तोंडाले बरी लागते."

पण मास्तरांच्या तोंडावर कोणी एक शब्द बोललं नाही, हे मात्र गल्लीच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. इतक्या हौसेनं करणाऱ्याला नाही कोण म्हणणार? उलट जो तो वाहवा करायचा. वकीलीणबाई तर म्हणायच्या, "आमच्या घरी साहेब रोज घेतात हो मास्तर, त्याशिवाय त्यांना झोप येत नाही." मास्तर कानापर्यंत लाल व्हायचे आणि पुढच्या साली त्यांची पुडी जरा जाड बांधायचे.

खरा पिणारा गल्लीत फक्त आमचा उंबरा. पहिल्या साली मी तो चहासारखा पाण्यात उकळला आणि ह्यांनी एक घोट घेऊन मोरीत धाव घेतली. मग मास्तरांनी स्वतः येऊन घोटून दाखवला. तेव्हापासून आम्हा दोघांना अशी गोडी लागली, की आमची पुडी तुळशीच्या लग्नापर्यंतही टिकायची नाही.

त्यानंतर लढाई आली. साखर राशनवर गेली, रॉकेल मिळेना, खामगावच्या दुकानदारानं मास्तरांना कसाबसा एक डबा राखून ठेवला. साखर म्हणाल तर मास्तरांनी महिनोन् महिने स्वतःच्या तोंडची वाचवलेली. त्या साली पुड्या लहान झाल्या, पण झाल्या. दळून, गाळून, बांधून तयार होत्या, आणि त्याच आठवड्यात आमची शकू तापातून उठली.

उठली म्हणते, पण कुठली उठतेय! चार वर्षांची पोर, मुदतीचा ताप होऊन गेलेला, अंगावर नुसती कातडी राहिलेली. डॉक्टर म्हणाले, "माझं औषध संपलं. आता दूध. दूध पोटात गेलं तरच पोर उभी राहील, दुसरं काही चालायचं नाही." आणि शकूला दुधाचा वास आला की उमासे. वेलची घातली, केशर घातलं, मध घातला, नाक दाबून पाजलं. सगळं उलटून पडायचं. हातपाय काड्यांसारखे झाले. आमचा पहिला मुलगा असाच ताप उतरल्यावर गेला होता. ताप गेला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली आणि चार दिवसांनी पोरगा गेला. त्यामुळे शकूचा ताप उतरला तेव्हा मी साखर ठेवली नाही. हे कचेरीतून यायचे, दारातूनच माझ्या तोंडाकडे बघायचे आणि काही न विचारता पाय धुवायला जायचे.

एका दुपारी मी रिकामा पेला घेऊन ओसरीवर रडत बसले होते. मास्तर शाळेतून येत होते. माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि तडक खोलीत गेले. थोड्या वेळानं स्वतःच्या पितळी पेल्यात वाफाळता कोको घेऊन आले. मला वाटलं आता पोरीला देतील. छे! शकूच्या अंथरुणाशी मांडी घातली आणि स्वतःच फुर्रकन एक घोट घेतला. मिशीला तपकिरी फेस लागला.

शकूनं डोळे उघडले. "मास्तरकाका, काय पेऊन राह्यले?"

"हे? हे मोठ्या मानसाईचं हाय. लेकराईले देत नाईत." आणखी एक फुर्र.

"मले दे."

"नाई नाई. तुही माय मारन मले."

"मले दे ना!"

"बरं, एकच घोट. मायले नको सांगजो."

मी दाराआड पदर तोंडात धरून उभी होते. एक घोट गेला. दुसरा गेला. अर्धा पेला गेला. मी उलटीसाठी परात घेऊन तयार. उलटी झाली नाही. पोरीच्या ओठांवर तपकिरी मिशी उमटली आणि ती बघून मास्तर म्हणाले, "आता झाली तू मास्तर." त्या दिवशी मी त्यांच्या पायाच पडले. ते असे दचकले की उठताना फळीवर डोकं आपटून घेतलं.

मग रोज दोन वेळा एकेक पुडी सुटू लागली. दिवाळीचा फराळ घरोघरी तळला जात होता आणि इकडे मास्तरांची सगळी दिवाळी शकूच्या पोटात जात होती. मी म्हटलं, मास्तर, डब्यांचं काय करणार? म्हणाले, "ते पाहू." आणि बोट उगारून बजावलं, "पन वैनी, गल्लीत शकूचं नाव घ्याचं नाई. लेकराच्या तोंडचा घास चारचौघात दाखवू नये."

दिवाळी आली. रिवाजाप्रमाणे डबे मास्तरांकडे गेले. आणि मास्तरांनी काय करावं? डबे परतच केले नाहीत! भाऊबीज झाली, तरी नाहीत. घासूनपुसून लख्ख केले आणि खोलीत एकावर एक रचून ठेवले. रिकामा डबा परत करायचा त्यांना धीर होईना, आणि दिवाळीच्या डब्यात लिंबू टाकणं त्यांच्या तत्त्वात बसेना. बायका समोर दिसू नयेत म्हणून हा माणूस शाळेला मागच्या बोळातून जाऊ लागला. रविवारी खामगावला गेले, सगळा बाजार पालथा घातला आणि हात हलवत आले. कोको म्हणून कुठं नव्हताच. त्याच संध्याकाळी शकूची शेवटची पुडी संपली. दुसऱ्या दिवशी मी साधं दूध पुढे केलं, तर पोरीनं दात घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं. पेला तसाच झाकून ठेवला.

तशीच घागर घेऊन विहिरीवर गेले, तर तिथं डब्यांचाच विषय. वकीलीणबाई म्हणत होत्या, "इतक्या वर्षांच्या पुड्या आता वसूल करतायत वाटतं मास्तर. पितळ महाग झालंय ना." बाकीच्या हसल्या.

माझं डोकंच फिरलं. शब्द दिला होता, पण गेला तो शब्द खड्ड्यात! घागर दाणकन खाली ठेवली आणि म्हटलं, "वकीलीणबाई, तुमच्या डब्यात जायची पुडी माझ्या शकूच्या पोटात गेली आहे. तुमचीच नाही, सगळ्या गल्लीची. पोरगी त्या कोकोशिवाय दुधाला तोंड लावत नाही, आणि तो कालपासून संपलाय. तो माणूस तुम्हाला तोंड दाखवायला लाजून बोळातून जातो, आणि तुम्ही त्याला पितळेचा चोर ठरवता? मला नावं ठेवा, हवी तेवढी ठेवा. त्यांना नाही." आणि रिकामीच घागर उचलून, रडत रडत घरी आले.

दुपारी दाराची कडी वाजली. वकीलीणबाई होत्या. आजवर माझ्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागला नव्हता. पदराखालून त्यांनी चार पुड्या काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवघरात होत्या. साहेबांना... म्हणजे आमच्याकडे दूध जरा कमीच घेतात. चालतील ना गं पोरीला?" पुड्यांना कापराचा वास येत होता. मग मागोमाग एकेक बाई येऊ लागली. कोणाची पुडी धान्याच्या कोठीतून निघालेली, कोणाची हिंगाच्या डब्यातून, कोणाची लुगड्यांच्या पेटीतून डांबरगोळीसकट. सगळ्यात शेवटी सोनारीण आजी काठी टेकत आली आणि मिसरीची डबी माझ्या हातात दिली. "अर्धी म्या दाताले लावली बाई. बोट घातलं नाई उरलेल्यात, चाळून घेजो. मले का मालूम, पेन्याची हाय म्हनून!"

मी हसू की रडू? दोन्ही केलं. चाळलं, घोटलं, शकूला दिलं. पहिला पेला कापराच्या वासाचा, दुसरा हिंगाच्या. पोरीनं नाक मुरडलं आणि प्यायली. चांगल्या महिनाभराच्या पुड्या जमल्या होत्या. रोज थोडं थोडं अंग धरत पोर उठून बसू लागली, आणि बसली की पुड्यांचे सुटलेले कागद अंथरुणावर ओळीनं मांडून खेळू लागली.

मास्तरांना मी खोटंच सांगितलं होतं, की ह्यांच्या कचेरीतल्या कोणीतरी कोको आणून दिला. इतक्या वर्षांत गल्लीत कोणी त्यांच्या कोकोचा घोटही घेतला नाही, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार? कागद मी रोज ते यायच्या आधी उचलून ठेवायची. एका संध्याकाळी राहून गेले.

ते आले, शकूच्या पायथ्याशी बसले, आणि त्यांची नजर कागदांवर गेली. एक उचलला. काटेरी वांगं. दुसरा उचलला. लांबट वांगं. तिसऱ्यावर एका देठाला दोन. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. प्रत्येक साल त्यांना तोंडपाठ होतं. "हे त पार लढाईच्या आधीचं हाय," ते हळूच म्हणाले. "वैनी, हा मोठा कागद जाड पुडीचा, हे वांगं वकीलसाहेबाकडे गेलं होतं. ते त रोज पेत होते म्हने."

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही. मास्तर कितीतरी वेळ ते कागद चाळत बसले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी शकूकडे पाहिलं. ती पेल्याच्या बुडाला बोट घालून उरलेला कोको चाटत होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "पेले असते त आज पोरीले काय देल्लं असतं?"

आणि कागद नीट घडी करून त्यांनी शकूच्या उशाशी ठेवले.

कार्तिक संपता संपता शकू चालू लागली. एका सकाळी मास्तर दारात आले. काखेत, हातात, खांद्याला सगळ्या गल्लीचे डबे. म्हणाले, "चाल शकू. डबे देऊन येऊ." सगळ्यात लहान डबा त्यांनी तिच्या हातात दिला. मी मागोमाग गेले. पोर दोन पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा दोन टाकायची. मास्तर एवढं सामान अंगावर घेऊन तिच्या चालीनं चालत होते, आणि मान खाली घातलेली. डबे रिकामे होते ना!

वकीलीणबाई दारातच उभ्या होत्या. शकूनं दोन्ही हातांनी डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला, सवयीनं झाकण उघडून आत पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. वकीलीणबाईंनी झाकण लावलं, डबा उंबऱ्यावर ठेवला आणि त्या सोवळ्या बाईनं, नुकतंच न्हाणं झालेलं असताना, माझी पोर उचलून कडेवर घेतली. म्हणाल्या, "मास्तर, डबा भरून आला हो."

मास्तरांनी डोळे उघडले. उपरण्यानं चष्मा पुसला, नाक पुसलं, आणि मग एकदम, वर्गात पोरांना दरडावायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "पुढच्या साली देईन, तो पेजा मातर!"